दिवा मंद होतो, तेव्हा वीज कुठे जाते?

तिसरी घंटा होते. प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू मंद होत विझतात, पडदा सरकतो आणि रंगमंचावर पहाटेचा उजेड पसरू लागतो. प्रत्यक्षात घडलेले असते एवढेच, की प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याने समोरच्या पाटीवरची एक खिट्टी काही सेंटिमीटर वर सरकवलेली असते. या खिट्टीला फेडर म्हणतात आणि तिच्या हुकमाप्रमाणे दिव्याला कमीजास्त वीज पुरवणाऱ्या पेटीला डिमर.

शाळेच्या स्नेहसंमेलनात, बालनाट्य स्पर्धेत किंवा गावातल्या सभागृहात आपला या पेटीशी संबंध येतो तो बहुधा ती बिघडल्यावरच. एखादा दिवा लागतच नाही, एखादा विझतच नाही, ध्वनिक्षेपकातून घरघर ऐकू येते. मग कुणीतरी पेटीवर थाप मारतो, कुणी फ्यूजमध्ये जाडशी तार घालतो. या दुसऱ्या उपायातून आग लागू शकते. म्हणून डिमर चालतो कसा हे समजून घेणे उपयोगाचे आहे. त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: दिवा निम्म्यावर आणला तेव्हा उरलेली वीज कुठे जाते?

अडवणे आणि कापणे

लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली सुमारे १२०० विजेचे दिवे लावण्यात आले. संपूर्णपणे विजेने उजळलेली ती जगातली पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. तिथेही रंगमंचावरचे दिवे मंद करता येत होते. त्यासाठी दिव्याच्या मार्गात रोध जोडलेला असे. पुढे अनेक ठिकाणी मिठाच्या पाण्याचे डिमर वापरले गेले. मिठाच्या पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या असत. वरची पट्टी पाण्यात खाली सोडली की दोन्हींतले अंतर घटे, रोध कमी होई आणि दिवा प्रखर होई. पट्टी वर ओढली की दिवा मंद. पाणी मात्र तापत जाई, कधी उकळूही लागे.

ते का तापे, ते पाहू. १००० वॅटच्या दिव्यावरचे विभवांतर २३० व्होल्टवरून १६३ व्होल्टवर आणायचे आहे असे समजा. उरलेले ६७ व्होल्ट रोधावर पडतात आणि त्यातून सुमारे ३.६ अँपिअर धारा वाहते. म्हणजे जवळजवळ २४० वॅट नुसती उष्णता झाली. जुन्या पंख्याचा मोठा चौकोनी रेग्युलेटर हाताला गरम लागे, त्याचे कारण हेच. उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात होती.

यावर एक उत्तर होते ऑटोट्रान्सफॉर्मरचे. त्यात वीज फारशी वाया जात नाही, पण लोखंडी गाभ्यामुळे त्याचे वजन भारी होते. खरा बदल घडला तो १९५७ साली. त्या वर्षी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर हा अर्धवाहक घटक तयार केला.

थायरिस्टर हा एक चमत्कारिक दरवाजा आहे. तो बंद असतो. त्याच्या गेट नावाच्या टोकाला क्षणभर छोटासा विद्युत संकेत दिला की तो पूर्ण उघडतो. मग गेटवरचा संकेत काढून घेतला तरी तो बंद होत नाही. त्यातून जाणारी धारा जवळजवळ शून्यावर आली की मगच तो आपोआप मिटतो. आपल्याकडच्या प्रत्यावर्ती धारेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी, ती शून्यावर येतेच. दरवाजा मिटण्याची सोय अशी निसर्गानेच करून ठेवली आहे.

थायरिस्टर एकाच दिशेने धारा जाऊ देतो. म्हणून रंगमंचाच्या डिमरमध्ये दोन थायरिस्टर एकमेकांच्या उलट दिशेने जोडतात, किंवा लहान डिमरमध्ये दोघांचे काम एकटा करणारा ट्रायॅक वापरतात. प्रत्येक अर्धतरंग सुरू झाल्यावर दरवाजा किती उशिरा उघडायचा हे फेडर ठरवतो. लगेच उघडला तर दिवा पूर्ण तेजाने लागतो, ५ मिलिसेकंद थांबून उघडला तर अर्धतरंगाचा मागचा निम्मा भागच दिव्याला मिळतो आणि ९ मिलिसेकंद थांबलो तर दिवा लागल्याचे कळतही नाही.

म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर असे: उरलेली वीज कुठे जात नाही, ती घेतलीच जात नाही. उघड्या थायरिस्टरवर एक-दीड व्होल्टच पडतो, त्यामुळे त्या हजार वॅटच्या दिव्यासाठी २४० वॅटऐवजी केवळ चार-पाच वॅट उष्णता तयार होते. पण याची किंमत आहे. दिव्याकडे जाणारा तरंग आता सुबक राहिलेला नाही, तो कापलेला आहे. डिमरच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ या कापलेल्या कडेत असते.

आलेखकागदावरचा डिमर

हा भाग वर्गात करून पाहता येतो. त्यासाठी विजेला हात लावण्याची गरज नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर ३२५ व्होल्टवर असते. १० मिलिसेकंदांच्या अर्धतरंगाचे एकेक मिलिसेकंदाचे दहा भाग करा आणि प्रत्येक भागाच्या मध्याशी व्होल्टता किती आहे ते काढा. साइनच्या कोष्टकावरून ५१, १४८, २३०, २९०, ३२१ असे आकडे मिळतात. पुढचे पाच भाग हेच आकडे उलट क्रमाने दाखवतात.

आता या दहा आकड्यांचे वर्ग करून सरासरी काढा आणि तिचे वर्गमूळ घ्या. उत्तर २३० येते. विजेच्या तापवण्याच्या क्षमतेशी निगडित असलेले हेच मूल्य. त्याला आरएमएस मूल्य म्हणतात आणि आपण नेहमी सांगतो ते २३० व्होल्ट हेच. मग पहिले पाच भाग खोडा, त्यांच्या जागी शून्य लिहा आणि तेच गणित पुन्हा करा. उत्तर १६३ येईल. तरंग निम्मा कापला तरी व्होल्टता निम्मी झाली नाही, असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

प्रकाशाचे गणित आणखी वेगळे आहे. टंगस्टनच्या तारेचा प्रकाश व्होल्टतेच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १६३ व्होल्टवर प्रकाश उरतो तो मुळाच्या सुमारे ३० टक्के, आणि तार कमी तापल्याने तो तांबूसही होतो. मंद दिव्याखालचा निळा पोशाख मळकट दिसतो तो यामुळेच. उलट, व्होल्टता ठरलेल्यापेक्षा केवळ ५ टक्क्यांनी जास्त राहिली तर दिव्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. दिवे सारखे जात असतील तर दिव्यांची कंपनी बदलण्याआधी पुरवठ्याची व्होल्टता मोजावी.

मीटर चुकीचे का सांगतो?

व्होल्टता मोजण्यातही एक खोच आहे. स्वस्त मल्टिमीटर वर्ग, सरासरी, वर्गमूळ या भानगडीत पडत नाही. तो साधी सरासरी काढतो आणि तरंग साइनच्या आकाराचा आहे असे गृहीत धरून तिला १.११ ने गुणतो. आपल्या कापलेल्या तरंगातल्या पाच आकड्यांची बेरीज १०४० आहे. तिला दहाने भागले की १०४ आणि १.११ ने गुणले की ११५. म्हणजे दिव्यावर खरोखर १६३ व्होल्ट असताना मीटर ११५ दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. त्याचे गृहीतक इथे लागू पडत नाही, इतकेच. डिमरच्या बाहेर पडणारी व्होल्टता मोजायची तर ट्रू आरएमएस प्रकारचा मीटरच लागतो. तो नसेल तर फेडर पूर्ण वर नेऊन मोजावे. तिथे तरंग जवळजवळ अखंड असतो, त्यामुळे साधा मीटरही ठीक उत्तर देतो.

कापलेल्या कडेचा त्रास

पाच मिलिसेकंदांनी दरवाजा उघडतो तेव्हा दिव्यावरची व्होल्टता शून्यावरून एकदम ३२५ वर उडी घेते. ही उडी सेकंदाला १०० वेळा बसते. प्रत्येक उडीसरशी तारेच्या वेटोळ्यांवर चुंबकीय बलाचा झटका बसतो आणि दिवा गुणगुणू लागतो. शिवाय या तीक्ष्ण कडेत उच्च वारंवारतेचे अनेक तरंग दडलेले असतात. ते शेजारून जाणाऱ्या मायक्रोफोनच्या तारेत उतरतात आणि ध्वनिक्षेपकातून घरघर ऐकू येते. मीडियम वेव्हवर लावलेला छोटा रेडिओ चालू डिमरजवळ नेला तर खरखर वाढते आणि फेडर मध्यावर असताना ती सर्वांत जास्त असते.

यावर उपाय म्हणून चांगल्या डिमरमध्ये प्रत्येक चॅनलला एक चोक असतो. ट्यूबलाइटच्या चोकप्रमाणेच तो धारेच्या अचानक बदलाला विरोध करतो आणि कड थोडी बोथट करतो. एखाद्याच चॅनलवरचा दिवा जास्त गुणगुणत असेल तर तो दिवा दुसऱ्या चॅनलला लावून पाहावा. आवाज दिव्याबरोबर गेला तर दोष दिव्याचा. मागेच राहिला तर चोकचे वेटोळे ढिले झाले असण्याची शक्यता आहे. ध्वनीच्या तारा डिमरच्या तारांपासून दूर ठेवाव्यात, आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडू द्यावे.

न्यूट्रलचा त्रास मात्र नुसता कानाला होणारा नाही. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर न्यूट्रलमधून धारा वाहत नाही, असे आपण शिकवतो. तीन साइन तरंग एकमेकांपासून १२० अंशांवर असतात आणि त्यांची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य होते. पण कापलेल्या तरंगांची बेरीज शून्य होत नाही. प्रत्येक फेजवर ३० अँपिअरचे दिवे आहेत असे समजा. सगळे पूर्ण तेजावर असताना न्यूट्रलमध्ये जवळजवळ काही नाही. सगळे निम्म्यावर आणले, म्हणजे ५ मिलिसेकंदांवर कापले, की रोध बदलत नाही असे धरून प्रत्येक फेजमध्ये सुमारे २१ अँपिअर उरतात आणि न्यूट्रलमध्ये ३० अँपिअर वाहतात! दिवे मंद आहेत, म्हणून सगळे आलबेल आहे असे आपण समजतो आणि तेवढ्यात न्यूट्रलची तार तापत असते. आलेखकागदावर तीन कापलेले तरंग १२० अंशांनी सरकवून काढले आणि त्यांची बेरीज केली तर बारावीच्या विद्यार्थ्यालाही हे पडताळता येईल.

म्हणूनच डिमरच्या पुरवठ्यातली न्यूट्रल फेजपेक्षा बारीक असता कामा नये, ती जाड असलेली बरी. ती तापून जोडाशी सुटली तर कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास विभवांतर येऊ शकते. अशा वेळी काही दिवे भकभकून पेटतात, काही मंदावतात आणि त्या फेजवरचा ध्वनिवर्धक जळू शकतो. काही दिवे प्रखर आणि काही मंद असे एकाच वेळी, फेडर न हलवता घडू लागले, तर कारण शोधत बसू नये. मुख्य स्विच लगेच बंद करावा.

लक्षणावरून निदान

बिघाड शोधण्याचा नियम प्रयोगशाळेतलाच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवा लागत नसेल तर त्या चॅनलचा स्विच बंद करून दिव्याचा प्लग काढावा आणि चालू असल्याची खात्री असलेल्या चॅनलला लावावा. तिथेही लागला नाही तर दोष दिव्यात, होल्डरमध्ये किंवा केबलमध्ये आहे, डिमर उघडण्याचे कारणच नाही. तिथे लागला तर दोष पहिल्या चॅनलकडे आहे. बारीकसारीक तक्रारींपैकी बहुतेक या एका अदलाबदलीने उलगडतात.

दिवा विझतच नसेल तर दोन शक्यता. एकतर फेडरकडून चुकीचा हुकूम येत असेल, नाहीतर थायरिस्टर जळून कायमचा उघडा राहिला असेल. अर्धवाहक घटक जळतो तेव्हा तो बहुधा तुटत नाही, आतून जुळून जातो, हे विद्यार्थ्यांना नवल वाटावे असे आहे. हुकमाची केबल काढावी. काही डिमर केबल काढल्यावर शेवटचा हुकूम थोडा वेळ धरून ठेवतात, म्हणून डिमर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. तरीही दिवा पूर्ण तेजाने जळत राहिला तर थायरिस्टर गेला असे समजावे.

फेडर पूर्ण वर असूनही दिवा मंद आणि थरथरता दिसत असेल तर दोनपैकी एक थायरिस्टर निकामी झाला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी एकाच बाजूचे अर्धतरंग दिव्यापर्यंत पोहोचतात. आरएमएस व्होल्टता पुन्हा १६३, प्रकाश सुमारे ३० टक्के आणि लुकलुक सेकंदाला १०० ऐवजी ५० वेळा, म्हणून डोळ्यांना जाणवणारी. ट्रान्सफॉर्मर असलेले उपकरण अशा चॅनलला जोडले तर त्याचा गाभा संपृक्त होऊन ते जळू शकते.

सगळेच चॅनल एकदम थरथरत असतील तर एकेका चॅनलमध्ये शोधू नये. दोष सामाईक जागी असणार: न्यूट्रलचा ढिला जोड किंवा हुकमाची केबल. आज हा हुकूम बहुधा डीएमएक्स ५१२ या पद्धतीने जातो. अमेरिकेत १९८६ साली ठरलेल्या या पद्धतीत एका केबलवरून ५१२ चॅनलना प्रत्येकी ० ते २५५ पैकी एक आकडा पाठवला जातो. साखळीतल्या शेवटच्या उपकरणाला १२० ओहमचा रोध जोडावा लागतो. तो नसला तर संकेत टोकावरून परावर्तित होतो आणि दिवे कधीकधी विनाकारण लुकलुकतात. ताणलेल्या दोरीत सोडलेली लहर भिंतीवरून परतते, तसेच हे. प्लग तसाच बसतो म्हणून मायक्रोफोनची केबल वापरण्याचा मोहही टाळावा.

आणि फ्यूज. हजार वॅटच्या दिव्याच्या गरम तारेचा रोध ५३ ओहम असतो, पण थंड असताना तो याच्या सुमारे चौदाव्या-पंधराव्या भागाइतका असतो. म्हणून थंड दिवा शिखराच्या क्षणी लावला तर ४ अँपिअरच्या दिव्यात क्षणभर ८० अँपिअरच्या वर धारा जाऊ शकते. प्रयोगापूर्वी दिवे काही मिनिटे अगदी मंद लावून तारा कोमट करून घेण्याची पद्धत यासाठीच आहे. दिवा जाताना आत ठिणगी पडली तर धारा आणखी वाढते. थायरिस्टर मिलिसेकंदांत जळतो, म्हणून त्याच्या रक्षणासाठी तितकाच चपळ फ्यूज लागतो. साध्या तारेने थायरिस्टर तर वाचत नाहीच, वर भिंतीतली वायर पेटण्याची भीती.

शून्य म्हणजे बंद नव्हे

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. थायरिस्टरला समांतर एक छोटा धारित्र जोडलेला असतो. अचानक झटक्यांपासून तो थायरिस्टरला वाचवतो, पण प्रत्यावर्ती धारेला तो पूर्ण अडवत नाही. ०.१ मायक्रोफॅरडच्या धारित्रातून २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर धारा जाऊ शकते. दिवा लागायला ती पुरत नाही, माणसाला झटका द्यायला पुरते. शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाला तो झटका बसला तर त्याने जीव जाणार नाही कदाचित, पण तोल जाईल. आणि थायरिस्टर जुळून गेलेला असेल तर फेडर शून्यावर असतानाही होल्डरमध्ये पूर्ण २३० व्होल्ट असतात. म्हणून दिवा बदलताना फेडर खाली करणे पुरेसे नाही. प्लग काढलाच पाहिजे आणि दिवा निवू दिला पाहिजे.

हीच गळती एलईडी दिव्यांत वेगळ्या रूपाने दिसते. एलईडीला इतकी कमी धारा लागते की शून्यावरही तो अंधूक लुकलुकतो, आणि थायरिस्टर उघडा राहण्यासाठी लागणारी किमान धाराही तो ओढत नाही. रंगमंचाचे बहुतेक एलईडी दिवे डिमरला जोडायचेच नसतात. त्यांना थेट २३० व्होल्ट द्यावे लागतात आणि मंद होण्याची सोय त्यांच्या आतच असते. जुने डिमर आणि नवे एलईडी एकत्र असलेल्या सभागृहात कोणते सॉकेट डिमरचे आणि कोणते थेट पुरवठ्याचे, हे रंगीत पट्टीने स्पष्ट लिहून ठेवावे.

वर्षातून एक दिवस

डिमरची देखभाल अवघड नाही, नियमित मात्र हवी. बारा चॅनलमधून दहा-दहा अँपिअर धारा जात असेल तर थायरिस्टरच दीडशे वॅटच्या आसपास उष्णता टाकतात, त्यात चोकची भर. ती बाहेर नेणारा पंखा आणि त्याची जाळी धुळीने भरली की थायरिस्टर तापून मरतात. तापणे-निवणे वारंवार झाले की जोडांचे स्क्रू ढिले होतात, ढिला जोड आणखी तापतो आणि दुष्टचक्र सुरू होते. तपकिरी पडलेला प्लग, वितळल्यासारखे सॉकेट, जळका वास ही त्याची आगाऊ सूचना.

स्नेहसंमेलनाच्या महिनाभर आधी एक दिवस ठरवावा. परवानाधारक वायरमनकडून मुख्य पुरवठा तोडून पेटीची धूळ काढून घ्यावी, सगळे जोड, विशेषतः न्यूट्रलचे, आवळून घ्यावेत, दिवे टांगायच्या लोखंडी दांडीचे अर्थिंग तपासावे आणि अर्थ लीकेज ब्रेकरचे चाचणी बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. पेटी उघडण्याचे काम विद्यार्थ्यांना देऊ नये. चॅनलनिहाय वही ठेवण्याचे काम मात्र त्यांचेच: कोणत्या चॅनलला कोणता दिवा, एकूण किती वॅट, कोणत्या तारखेला कोणते लक्षण दिसले, काय बदलले आणि त्याने काय झाले. दोन वर्षांची अशी वही हाताशी असली की वायरमनचा निम्मा वेळ वाचतो, आणि निरीक्षण कसे नोंदवायचे हे मुले एका खऱ्या यंत्राजवळ बसून शिकतात.